फायनलमध्ये चूक झालेल्या स्टॉपरला काय सांगावं? (आफ्रिकेतल्या मोठ्या बॅकची माहिती हवी)

साखळीची_आई

नमस्कार. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या टीममधून स्टॉपर खेळतो, म्हणजे गोलीच्या पुढे मधोमध राहून फॉरवर्डला अडवणारा बॅक. आमच्या डिचोली-सत्तरीकडे फुटबॉल सासष्टीसारखा घरोघरी नाही. त्याचे वडील क्रिकेटवाले, त्यामुळे घरात या विषयावर त्याच्याशी बोलणारं कुणी नाही.

गेल्या महिन्यात एका स्पर्धेची फायनल होती. शून्य-शून्य चाललं होतं. शेवटची दहाएक मिनिटं राहिली असताना बॉल याच्या पायात आला, मागे फक्त गोली. बॉल बाहेर मारायचा सोडून हा वळला आणि फॉरवर्डला चकवायला गेला. बॉल गेला, गोल झाला. थोड्या वेळाने तोच फॉरवर्ड परत सुटला, तेव्हा याने मागून त्याचा शर्ट ओढला. रेड कार्ड. मॅच गेली. मैदानातून बाहेर येताना टीमबरोबरच्या एका मोठ्या माणसाने सगळ्या पोरांसमोर त्याला सुनावलं, ‘तुझ्यामुळे कप गेला.’

त्या दिवसापासून बूट माळ्यावर आहेत. म्हणतो, खेळलो तर फॉरवर्ड, नाहीतर नाहीच. ‘आई, स्टॉपरने मॅचभर बॉल काढले तरी कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि एक चुकला तर जन्मभर तोच.’ यावर मला उत्तर देता आलं नाही.

लहान असताना मामाबरोबर फातोर्ड्याला एफसी गोवाच्या मॅचना जायचा. तिथे सेनेगलच्या मुर्तादा फॉलला बघून तो स्टॉपर झाला. कॉर्नरला वर येऊन हेडर मारणारा तो उंच माणूस त्याचा देव. म्हणून विचारते: अशी मोठी चूक होऊनही पुढे खेळत राहिलेला कुणी मोठा बॅक आहे का, शक्यतो आफ्रिकेतला? नुसता ‘धीर धर’ त्याला चालत नाही. सालं विचारतो, स्कोअर विचारतो.

फोंड्याचा_स्टॉपर

ताई, त्याला रिगोबर्ट साँग सांगा. कॅमेरूनचा. आफ्रिकेने एकापेक्षा एक बॅक दिले, पण तुमच्या मुलाने जे विचारलंय त्याचं उत्तर या एकाच माणसाच्या कारकिर्दीत आहे. मी फोंड्यात मुलांना शिकवतो, स्वतः खेळलो तोवर स्टॉपरच खेळलो. असं रुसून बसलेलं पोर दरवर्षी एखादं भेटतंच, आणि मी त्याला साँगपाशीच नेतो.

स्कोअर विचारतो म्हणता, तर सांगतो. साँगचा जन्म १ जुलै १९७६ चा. १९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेत होता आणि २४ जूनला स्टॅनफर्डच्या मैदानावर कॅमेरूनसमोर ब्राझील. पुढे रोमारियो आणि बेबेतो, मागे त्यांना अडवायला हा सतरा वर्षांचा मुलगा; अठरावं लागायला आठवडा बाकी. दुसऱ्या हाफमध्ये बेबेतो सुटला, साँगने त्याला पाडला, रेफरीने लाल कार्ड काढलं. वर्ल्ड कपमध्ये इतक्या लहान वयात बाहेर काढलेला खेळाडू त्याआधी नव्हता. कॅमेरून ३-० ने हरलं. त्याच टीममध्ये ४२ वर्षांचा रॉजर मिला होता, म्हणजे साँगच्या बापाच्या वयाचा. तुमचा मुलगा शाळेच्या मैदानातून मान खाली घालून बाहेर आला, हा सगळ्या जगासमोर आला. वय जवळपास तेच.

क्लबचं थोडक्यात सांगतो, कारण ती यादी लांब आहे: फ्रान्समध्ये मेट्झ, मग इटलीत सालेर्निताना, इंग्लंडमध्ये लिव्हरपूल आणि वेस्ट हॅम, जर्मनीत कोलोन, परत फ्रान्सला लाँस, शेवटी तुर्कस्तानात गलातासराय आणि त्राब्झोनस्पोर. मेट्झमध्ये असताना १९९६ चा लीग कप जिंकला, आणि १९९७-९८ ला तर लीग हातात आली होती; लाँसबरोबर सारखे गुण, गोलफरकाने गेली. गलातासरायबरोबर लीग जिंकली. इंग्लंडमध्ये मात्र त्याचं बस्तान बसलं नाही. माझ्या मते क्लबपेक्षा देशाच्या शर्टातला साँगच खरा.

तर १९९८. फ्रान्सचा वर्ल्ड कप, चिलीबरोबर मॅच, १-१, आणि साँगला परत रेड कार्ड. दोन वर्ल्ड कपांत बाहेर काढलेला तो पहिला खेळाडू. नंतर त्या यादीत झिनेदिन झिदान आला, १९९८ आणि २००६ धरून. झिदानचं नाव घेताना लोक आधी त्याचे गोल सांगतात. साँगचं घेताना आधी कार्डं सांगतात. तुमच्या मुलाची तक्रार हीच आहे ना? बरोबर आहे त्याची तक्रार. बॅकच्या वाट्याला हे येतंच, ते त्याच्यापासून लपवू नका.

आता पुढचं. १३ फेब्रुवारी २०००, आफ्रिकन नेशन्स कपची, म्हणजे आफ्रिकेतल्या देशांच्या मोठ्या स्पर्धेची फायनल, लागोस. म्हणजे नायजेरियाच्या घरात नायजेरियाशी. कॅमेरूनचे एटो आणि एम्बोमा यांनी दोन गोल केले, नायजेरियाने चुकू आणि ओकोचाच्या गोलांनी ते फेडले, २-२. पेनल्ट्या. नायजेरियाच्या विक्टर इकपेबाचा फटका क्रॉसबारला लागून खाली पडला. रीप्लेत बॉल रेषेच्या आत पडलेला दिसतो, पण गोल दिला नाही. मैदान पेटलेलं. अशा वेळी शेवटची, कप ठरवणारी पेनल्टी मारायला कोण चाललाय? साँग. दोन वर्ल्ड कपांत दोन लाल कार्डं घेतलेला बॅक. आणि त्याने ती घातली. ४-३.

मला यात साँगपेक्षा त्याच्या टीमचं जास्त वाटतं. दोन कार्डं मिळालेल्या पोराच्या हातात त्यांनी बॉल दिला. ज्या मोठ्या माणसाने तुमच्या मुलाला सगळ्यांसमोर बोल लावला, त्याने हे करायला हवं होतं. चूक काय झाली ते बाजूला घेऊन सांगायचं, आणि पुढच्या सरावात त्यालाच शेवटचा माणूस म्हणून उभा करायचा.

२००२ ला बामाकोत कॅमेरूनने नेशन्स कप परत जिंकला, सेनेगलविरुद्ध, ०-० नंतर पेनल्ट्यांवर. तिथे सेनेगलचा कप्तान अलियू सिसेची पेनल्टी अडली. तोच सिसे पुढे कोच झाला आणि २०२२ मध्ये सेनेगलला त्यांचा पहिला नेशन्स कप मिळवून दिला. मुर्तादा फॉलच्या देशाची गोष्ट म्हणून हे मुलाला मुद्दाम सांगा.

वास्को_टिळकमैदान

फोंडेकर, माहिती चांगली, पण पटलं नाही. दोन वर्ल्ड कपांत लाल कार्ड मिळवणाऱ्याला पंधरा वर्षांच्या मुलापुढे ठेवायचं का? मुलगा शर्ट ओढल्यामुळे बाहेर गेलाय. त्याला संयमी बॅक दाखवा.

ताई, लुकास रादेबे बघा. दक्षिण आफ्रिका. सोवेटोचा, अकरा भावंडांतला एक, सुरुवातीला गोली होता. १९९१ मध्ये रस्त्यात पाठीत गोळी लागली, त्यातून वाचला. त्या वेळी वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिकेला आंतरराष्ट्रीय फुटबॉल बंद होता. १९९२ ला दार उघडलं तेव्हा पहिल्याच मॅचला कॅमेरूनविरुद्ध तो टीममध्ये होता. १९९४ ला इंग्लंडच्या लीड्स क्लबात गेला, फिल मसिंगाबरोबर. क्लबला मुख्य हवा होता तो मसिंगा. पण लीड्सचा कप्तान झाला रादेबे, तिथले लोक त्याला ‘चीफ’ म्हणत. १९९६ च्या एप्रिलमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लीड्सच्या गोलीला रेड कार्ड मिळालं तेव्हा ग्लोव्ह्ज घालून हाच गोलात उभा राहिला, आणि मँचेस्टर युनायटेडला रॉय कीनच्या एकाच गोलावर थांबवलं. १९९६ चा नेशन्स कप जिंकला, १९९८ आणि २००२ च्या वर्ल्ड कपांत देशाचा कप्तान, २००० मध्ये फिफाचा फेअर प्ले पुरस्कार. ७० मॅच.

आणि आफ्रिकेपर्यंत कशाला? आपला मडगावचा महेश गवळी होता की. धेंपो क्लबच्या मागच्या फळीत तो उभा असला की फॉरवर्डला जागा शोधावी लागायची.

फोंड्याचा_स्टॉपर

रादेबेबद्दल मला आदरच आहे, आणि गवळीला मी मैदानाच्या कडेला उभा राहून बघितलाय. उडी कमी, धाव कमी, पण बॉल येणार तिथे आधीच हजर. शिकायचं असेल तर त्यांच्याकडूनच शिकायचं, यात वाद नाही.

पण ताईंचा मुलगा ‘चांगला बॅक कसा होऊ’ असं विचारत नाहीये. ‘चुकलो, आता माझं काय?’ असं विचारतोय. ज्याच्या हातून फायनल गेली नाही त्याची कहाणी त्याला आज लागू पडणार नाही. मी अजून साँगची खरी चूक सांगितलेलीच नाही. कार्डं सोडा.

१० फेब्रुवारी २००८, अक्रा, नेशन्स कपची फायनल, समोर इजिप्त. साँग ३१ वर्षांचा, कप्तान, शंभराच्या वर मॅच खेळलेला. ७६ मिनिटं गोल नाही. मग एक लांब बॉल कॅमेरूनच्या मागे पडतो. साँग आधी पोचतो. इथे क्लिप थांबवून मुलाला दाखवा. त्याला वेळ आहे, जागा आहे, एक लाथ मारली की बॉल बाहेर. तो मारत नाही. अंग मध्ये घालून बॉल राखायला जातो. इजिप्तचा मोहम्मद झिदान (वरचा झिनेदिन नव्हे) पाठीला चिकटतो, दोघे धडपडतात, आणि झिदान बॉल ओढून काढतो आणि आत सरकवतो. तिथे इजिप्तचा अबूत्रिका. गोल. १-०, तोच शेवटचा स्कोअर.

ताई, तुम्ही लिहिलेला गोल आणि हा गोल शेजारी शेजारी ठेवा. बाहेर मारायचा बॉल मारला नाही, दोन्हीकडे तेच.

साखळीची_आई

तुम्ही दोघांनीही इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. काल जेवणानंतर त्याला अक्राची क्लिप लावून दिली. आधी म्हणाला नको. मग मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि तोच तुकडा मागे-पुढे करत बसला. म्हणाला, ‘याने पहिल्याच टचला बॉल स्वतःच्या गोलाकडे घेतला, मग पाठीमागचा दिसणार कसा?’ मला त्यातलं कळलं नाही, पण महिन्याभराने तो फुटबॉलबद्दल असं काहीतरी बोलला.

मग त्याने एकच विचारलं: ‘त्यानंतर त्याला टीममध्ये घेतला का?’ ते सांगाल?

धुळेर_लेफ्टबॅक

ताई, मी म्हापशाची, मुलींच्या क्लबात लेफ्ट बॅक खेळते. साँगचं फोंडेकर दादा सांगतीलच, मी शर्टाचं सांगते, कारण मुलांना हे कुणी नीट समजावत नाही.

फॉरवर्ड एकटा गोलाकडे सुटलेला असेल आणि तुम्ही फाऊल करून त्याची गोलची स्पष्ट संधी काढून घेतलीत तर रेड कार्ड. २०१६ पासून पेनल्टी बॉक्समध्ये थोडी सूट आहे: बॉल खेळायचा खरा प्रयत्न करताना फाऊल झाला आणि पेनल्टी दिली गेली, तर पिवळं. पण ओढणं, धरणं, ढकलणं याला ती सूट नाही. शर्ट ओढला तर बॉक्समध्येही लालच. म्हणजे हात लावून काहीच मिळत नाही.

एकदा सुटलाच तर त्याच्या मागे धावायचं नाही, त्याच्या आणि गोलाच्या मधल्या वाटेवर धावायचं. पोचलात तर लगेच पाय घालायचा नाही. वाकून, तिरकं उभं राहायचं, त्याला साइडलाइनकडे जाऊ द्यायचं. तेवढ्यात तुमचे बाकीचे परत येतात. नाही पोचलात तर गोलीवर सोडा. एक गोल पडला तरी अकरा जण खेळताय.

आणि त्याने पहिल्या टचचं जे पकडलं ते एकदम बरोबर आहे. बॉल हवेत असतानाच एकदा खांद्यावरून मागे बघायचं. ही सवय घरच्या अंगणातसुद्धा लागते: तुम्ही बॉल टाका आणि तो पायात यायच्या आधी मागून कुणीतरी बोटं दाखवा, किती ते त्याने ओरडून सांगायचं.

फोंड्याचा_स्टॉपर

ताई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. पहिला टच स्वतःच्या गोलाकडे गेला हे पंधराव्या वर्षी ज्याला दिसतं, तो फॉरवर्ड व्हायचं म्हणत असेल तर त्याला थांबवा.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर: हो, घेतला. नुसता घेतला नाही, अक्रानंतरही कप्तान साँगच राहिला. पुढे २००९ मध्ये पॉल ल ग्वेन कोच म्हणून आले आणि त्यांनी कप्तानाची पट्टी काढून सॅम्युएल एटोला दिली. हेही मुलाला सांगा, गाळू नका. इतकी वर्षं कप्तान असलेल्या माणसाला आपल्यापेक्षा लहान खेळाडूच्या हाताखाली खेळायचं होतं, आणि तेही बरेचदा बेंचवरून. तो टीम सोडून गेला नाही. २०१० ला अंगोलात आठवा नेशन्स कप खेळला. या आठ नेशन्स कपांत मिळून त्याच्या ३६ मॅच आहेत. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या वर्ल्ड कपला केपटाऊनमध्ये नेदरलँड्सविरुद्ध शेवटी शेवटी बदली म्हणून उतरला. तारीख बघा, २४ जून. बेबेतोला पाडलं तो दिवस २४ जून १९९४ चा. बरोबर सोळा वर्षं. कॅमेरूनसाठी एकूण १३७ मॅच खेळून तो थांबला.

यात एक गोष्ट कार्डं-गोलांच्या पलीकडची आहे, ती राहिली होती. २६ जून २००३ ला लियाँमध्ये कोलंबियाविरुद्ध कॉन्फेडरेशन्स कपची सेमीफायनल चालू असताना कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फोए मैदानात कोसळला आणि गेला. २८ वर्षांचा. तीन दिवसांनी फ्रान्सविरुद्ध फायनल होती. कॅमेरून ती खेळलं, आणि कप्तान साँग आपल्या मित्राचा मोठा फोटो घेऊन मैदानात आला. जादा वेळेत आँरीच्या गोलाने हरले. मी ती मॅच टीव्हीवर बघितली आहे. त्या माणसाला अक्राच्या एका बॉलवरून मोजणारा अजूनही कुणी भेटला की मला राहवत नाही.

वास्को_टिळकमैदान

फोएचं मला आठवतंय. आमच्या वाड्यावर त्या रात्री कुणी जागचं हललं नव्हतं. साँगबद्दल माझं मत थोडं बदललं, कार्डांबद्दल नाही.

एक भर घालतो. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये साँगच्या मेंदूत रक्तस्राव झाला, काही काळ कोमात होता. त्यातून उठला आणि २०२२ च्या सुरुवातीला कॅमेरूनचा कोच झाला. वर्ल्ड कपच्या पात्रतेसाठी अल्जेरियाशी दोन मॅच होत्या. पहिली घरच्या मैदानावर ०-१ गेली. दुसरी ब्लिदात, जादा वेळ संपता संपता तोको एकांबीने गोल घातला आणि कॅमेरून कतारला गेलं. तिथे ब्राझीलला १-० हरवलं. आणि तो गोल करणाऱ्या अबूबकरने आनंदात शर्ट काढला, दुसरं पिवळं, रेड कार्ड! या टीमला लाल रंग सुटत नाही.

ताई, मुलगा मुर्तादा फॉलचा भक्त आहे ना? मग त्याला एवढं सांगा की स्टॉपर राहूनही वर जाऊन गोल मारता येतात. फॉलने आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीगमध्ये) बॅक असून जेवढे गोल केलेत तेवढे कित्येक फॉरवर्डनी केलेले नाहीत. त्यासाठी जागा बदलायची गरज नाही.

साखळीची_आई

हे सगळं त्याने स्वतः वाचलं. २४ जूनच्या दोन तारखा वहीत लिहून ठेवल्यात. बूट माळ्यावरून खाली आलेत, बुरशी लागली होती, मी ओल्या फडक्याने पुसून वाळत घातलेत. शाळेच्या टीममध्ये लगेच जायला मात्र तयार नाही. तो मोठा माणूस तिथेच असतो. दादा, फोंड्यात तुमच्याकडे काही दिवस आला तर चालेल का? रविवारी वडील सोडतील.

फोंड्याचा_स्टॉपर

पाठवा की, ताई. फोन नंबर इथे उघड टाकू नका, मला मेसेज करा, मैदान कुठलं ते कळवतो. सकाळी सातला सुरू करतो, पाऊस असला तरी. बूट पूर्ण वाळले नसतील तरी चालतील, शिन गार्ड मात्र हवेतच. आणि वडिलांना घाई नसेल तर त्यांनाही थांबायला सांगा. आमच्याकडे त्या दिवशी एक माणूस कमी असतो, लांब बॉल टाकायला कुणीतरी लागतं. क्रिकेटवाले आहेत ना, हाताने टाकले तरी चालतील.